बायॉप्सीच्या फॉर्मवर आजाराची वर्षे लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मोठ्या आतड्याच्या दाहावर नुकताच जो लेख आला, त्यात औषधांची माहिती नेटकी आणि सोप्या भाषेत दिली होती. मात्र जुलाब आणि रक्त पडणे थांबले की आजार गेला असे समजायला हरकत नाही, अशा अर्थाचे एक विधान त्यात होते आणि ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पॅथॉलॉजिस्ट म्हणून एकतीस वर्षे मी आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रुग्णाला बरे वाटणे आणि त्याच्या आतड्याचे अस्तर बरे होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्या काळात मी इतक्या वेळा पाहिले आहे की ते विधान तसेच सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

हे अस्तर मुळात कसे असते ते आधी सांगते. सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्याची आतली बाजू सपाट असते; लहान आतड्याला असतात तसे मखमली उंचवटे तिला नसतात. तिचा उभा छेद घेऊन रंगवला की सरळ, समांतर आणि जवळजवळ सारख्या उंचीच्या नळ्या दिसतात, जणू स्टँडमध्ये लावून ठेवलेल्या परीक्षानळ्याच. या नळ्यांच्या, म्हणजे ग्रंथींच्या, तळाशी मूळ पेशी असतात. तिथे जन्मलेली नवी पेशी हळूहळू वर सरकते आणि चार-पाच दिवसांत पृष्ठभागावर येऊन गळून जाते. ज्या अस्तराच्या पेशी आठवड्याभरात बदलतात, ते वीस वर्षांपूर्वीचा आजार कसा काय लक्षात ठेवते, असा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारत. त्याचे उत्तर असे की पेशी बदलतात, पण ग्रंथींची रचना सहसा पूर्ववत होत नाही, आणि तळाच्या मूळ पेशीत एकदा झालेला जनुकीय बदल तिच्या प्रत्येक नव्या पिढीत उतरत राहतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारात दाह गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढतो. त्यात ग्रंथी पुन्हा पुन्हा नष्ट होतात आणि पुन्हा उभ्या राहतात, परंतु नव्या ग्रंथी पहिल्यासारख्या सरळ राहत नाहीत. एखादीला मधूनच फाटा फुटतो, एखादी आखूड राहते आणि खालच्या पातळ स्नायुथरापर्यंत पोहोचतच नाही. त्या मोकळ्या राहिलेल्या जागेत प्लाझ्मा पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींची, दाटी होते. आतड्याच्या डाव्या भागात एरवी न आढळणाऱ्या, मुख्यतः लहान आतड्यातल्या पॅनेथ पेशी तिथे दिसू लागतात, आणि त्यांचे लालभडक कण एकदा ओळखीचे झाले की नजरेतून सुटत नाहीत. हे सारे घडायला आठवडे आणि महिने लागतात. जंतुसंसर्गाने आठ दिवस जुलाब झालेल्या माणसाच्या तुकड्यात दाह कितीही तीव्र असला, तरी ग्रंथी सरळच असतात. उलट कोलायटिसच्या अगदी पहिल्या आठवड्यांतही त्या सरळ असू शकतात. म्हणूनच तक्रारी किती दिवसांच्या किंवा किती वर्षांच्या आहेत, हे माहीत असल्याशिवाय स्लाइडचा अर्थ नीट लागत नाही.

आणि नेमकी हीच माहिती आमच्यापर्यंत पोहोचत नसे. तपासणीच्या फॉर्मवर ‘कोलायटिस?’ एवढा एकच शब्द आणि एकाच बाटलीत फॉर्मॅलिन या तुकडे टिकवणाऱ्या द्रावणात तरंगणारे सहा-सात तुकडे, असे नमुने मी आयुष्यभर पाहिले. त्यांतला कोणता तुकडा आतड्याच्या कोणत्या भागातला, हे बाटली सांगू शकत नाही. अशाच एका फॉर्मवर मी जुनाट दाह, सध्या सौम्य, असा अहवाल दिला होता. तो घ्यायला रुग्ण स्वतः आल्या. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, “तसा हा त्रास मला सतरा वर्षांपासून आहे, पण आता सहा वर्षे काहीच होत नाही, म्हणून गोळ्या आणि तपासण्या दोन्ही बंद केल्या.” मी त्यांना थोडे थांबायला सांगितले आणि स्लाइड पुन्हा काढली. त्यानंतर तुकडे ज्यात बसवलेले असतात त्या मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोल छेद घेतले. एका तुकड्याच्या कडेला चार-पाच ग्रंथी होत्या, ज्यांच्या पेशींची केंद्रे गडद, लांबट आणि एकमेकींवर चढलेली होती, आणि हा बदल पृष्ठभागापर्यंत तसाच गेला होता. हा सौम्य डिसप्लेझिया, म्हणजे कर्करोगाकडे जाऊ शकणाऱ्या वाटेवरचा टप्पा होता. नियमाप्रमाणे दुसऱ्या तज्ज्ञाचेही मत घेतले. नंतर रंग फवारून केलेल्या कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, एक चपटा, नखाएवढा डाग सापडला आणि तो तिथेच काढता आला. त्या बाई मला भेटल्या नसत्या तर ते छेद मी घेतले नसते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

वर्षांना एवढे महत्त्व का, याचे आकडेही उपलब्ध आहेत. अनेक अभ्यास एकत्र करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत कर्करोगाची शक्यता दहा वर्षांनी २ टक्के, वीस वर्षांनी ८ टक्के आणि तीस वर्षांनी १८ टक्के इतकी मांडली गेली. नंतरच्या अभ्यासांत ती बरीच कमी आढळली आहे, हेही सांगितले पाहिजे, कारण कोणाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. दाह फक्त गुदाशयापुरता असेल तर धोका फारसा वाढत नाही. आतड्याचा मोठा भाग व्यापलेला असेल तर वाढतो. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी देखरेखीची कोलोनोस्कोपी सुरू करावी आणि पुढे धोक्यानुसार एक ते पाच वर्षांच्या अंतराने करावी, अशी शिफारस आहे. सोबत स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पित्तनलिका आकसवणारा दाह, असेल, तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी ती करावी लागते. ही आठ वर्षे पहिल्या लक्षणापासून मोजायची आहेत, आणि ती तारीख फक्त रुग्णाला ठाऊक असते.

सर्वसाधारण माणसात मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिपमधून, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या कोंबातून, होतो. त्यामागच्या जनुकीय बदलांची साखळी फीअरॉन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडली. पॉलिप वर आलेला असतो, तो दिसतो आणि काढता येतो. त्याला कर्करोगापर्यंत जायला सहसा दहा वर्षांच्या आसपास अवधी लागतो. कोलायटिसच्या अस्तरात मात्र बदल अनेकदा सपाट असतो आणि सुजेच्या लालीत लपतो. तिथे जनुकांचा क्रमही वेगळा असतो; एरवी उशिरा बिघडणारे पी-५३ हे जनुक तिथे लवकर बिघडते. दाह शांत असताना केलेली तपासणी अधिक उपयोगी ठरते ती यामुळेच, आणि बरे वाटत असलेला काळ त्यासाठी सर्वांत योग्य असतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा दाह जितका जास्त, तितका कर्करोगाचा धोका अधिक. वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही असा दाह असू शकतो.

अस्तरातील प्रत्येक जुना बदल धोक्याचा असतो असे नाही. सोनामुखीसारखी रेचके वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे आतडे आतून काळपट होते. ते पाहून रुग्ण हादरतात, पण रेचक बंद केल्यावर काही महिन्यांत तो रंग ओसरतो. याउलट मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये कोलोनोस्कोपीत सारे निर्मळ दिसते आणि माणूस मात्र पाण्यासारख्या जुलाबांनी हैराण असतो. तिथे तुकडा घेतला नाही तर निदान होत नाही, आणि ‘ताणामुळे होते’ असे ऐकत रुग्णाची वर्षे जातात.

डॉक्टर मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे की तुकडे भागवार वेगळ्या बाटल्यांत पाठवावेत आणि फॉर्मवर चार ओळी लिहाव्यात: पहिले लक्षण कोणत्या वर्षी, दाह आजवर जास्तीत जास्त कुठपर्यंत पोहोचला होता, सध्या कोणती औषधे चालू आहेत, आणि आधीच्या बायॉप्सीत काय आले होते. औषधांत एनिमा आणि वेदनाशामकांचाही उल्लेख हवा, कारण एनिमाने गुदाशय भरून आला असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिसचे चित्र क्रोन्सच्या आजारासारखे, म्हणजे आतड्याच्या दुसऱ्या एका जुनाट, मधले भाग सोडून होणाऱ्या दाहासारखे, दिसू शकते, आणि काही वेदनाशामके स्वतःच अस्तराला इजा करू शकतात.

रुग्णांनी पहिला बायॉप्सी अहवाल जपून ठेवावा, तो कितीही जुना आणि पिवळा पडलेला असला तरी. शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याधच असेल असे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नये.

संपादक महोदय, वर सांगितलेल्या चार नोंदींची एक लहानशी चौकट पुरवणीत छापता आली, तर वाचक ती कापून आपल्या फायलीत लावू शकतील. तिचा मजकूर तपासून द्यायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट