खालच्या पाटातल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

हे तुम्ही फोनवर स्वतः वाचणार नाही, कुणाकडून तरी वाचून घेणार. जो वाचेल त्याला सांगा, सावकाश वाच.

तुमच्या शेजारच्या घरात आम्ही २८ दिवस राहिलो आणि भाडं दिलं नाही, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. "म्हणजे ते तुमच्या कोथरूडच्या घरात, तुम्ही त्यांच्या, आणि पैसे कुणीच कुणाला नाहीत?" तीनदा विचारलंत. तर हो, तसंच. युरोपातल्या काही शिक्षकांनी १९५३ साली ही घरांची अदलाबदल सुरू केली, सुटीत स्वस्तात फिरता यावं म्हणून. आता आमच्यासारखे लॅपटॉपवर पोट असलेले लोकही करतात, फक्त सुटी न घेता. म्हणून समुद्र किती लांब, हे विचारायच्या आधी आम्ही विचारतो इंटरनेट कसं आहे, धड टेबल-खुर्ची आहे का, वीज गेली तर काय. तुमच्या शेजाऱ्यांनी सगळ्याची खरी उत्तरं दिली होती, इंटरनेटच्या वेगाचा फोटोसुद्धा पाठवला होता. झावळीसाठी मात्र कुठल्याच फॉर्मात रकाना नसतो.

झावळ पडली जूनच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसातला. पाऊस नाही, नुसतं वारं. खांबावरून आलेली इंटरनेटची तार घेऊनच ती खाली आली. साडेआठला माझा अमेरिकेतल्या लोकांशी कॉल होता, त्यांच्याकडचे सकाळचे अकरा. चार महिन्यांचं काम त्या दिवशी दाखवायचं होतं. मोबाइलला रेंज फक्त विहिरीपाशी, तीही एक काडी. मी लॅपटॉप छातीशी धरून रहाटाजवळ उभी होते, तेव्हा गडग्यापलीकडून तुमची बॅटरी चमकली. काय झालं, असं तुम्ही विचारलंच नाही. म्हणालात, "मिटिंग आहे ना? ये इकडे."

तुमच्या मुलाने २०२० मध्ये आठ महिने त्याच पडवीत बसून नोकरी केली होती, हे मला नंतर कळलं. म्हणून तुमच्याकडे तार होती, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता, आणि 'मिटिंग' हा शब्द तुम्हाला आमच्या सोसायटीतल्या कित्येकांपेक्षा नीट कळत होता. दहा मिनिटांत वीज गेली. इन्व्हर्टरवर माझा लॅपटॉप टिकावा म्हणून तुम्ही पंखा बंद केलात, आतला दिवाही. त्या उकाड्यात काळोखात बसलात, मी दीड तास इंग्रजीत बोलत होते तोवर. माझ्या मागे सुपांत आमसुलं, ताटांत फणसाची साटं. पलीकडच्या साहेबांनी विचारलंच, ते लालकाळं काय आहे म्हणून. काम पसंत पडलं, काकू. तेव्हा घाईत सांगायचं राहिलं.

तार जोडायला माणूस यायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस तुमची पडवी माझं ऑफिस झाली, आणि तेही ऐन आगोटीत, पावसाआधीच्या बेगमीच्या दिवसांत! लाकडं आत घ्यायची, कोकमांना रसाची पुटं देऊन वाळवायची, ऊन मिळेल तेवढं कमी, आणि घरातली एकुलती कोरडी, हवेशीर जागा मी अडवलेली. माझ्या वेळा तुम्हाला पाठ झाल्या. नारळ फोडायचा तर आधी दारातून डोकावायचात, "झाली का गो?" फाटकातून कुणी हाक मारत आलं की तुमचा हात वर. दुसरीतला माझा मुलगासुद्धा तुमच्याकडे कुजबुजायला शिकला, आमच्याकडे अजून शिकलेला नाही.

त्यानेच मला नंतर सांगितलं, पडवीत जागा नव्हती म्हणून माळ्यावर ठेवलेली सूपभर आमसुलं बुरसली आणि आजीने ती गुपचूप माडाच्या आळ्यात टाकली. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. विजेचे पैसे विचारले तेव्हा रागावलात तेवढ्याच.

आता माझी बाजू सांगते, जरा लाजतच. तुमचे शेजारी त्याच २८ दिवसांत आमच्या फ्लॅटमध्ये होते. सोसायटीला आधी पत्र दिलं होतं, ओळखपत्रांच्या प्रती दिल्या होत्या. तरी बेल दोनदाच वाजली. एकदा गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून, एकदा "भाडेकरू का?" हे विचारायला. ते सभ्य आहेत, सगळं छान होतं म्हणाले. कागदावर अदलाबदल बरोबरीची झाली, चौरस फुटांत तर त्यांचंच घर मोठं. पण त्यांच्या घराला लागून तुम्ही होतात आणि आमच्या घराला लागून एक बंद दार. दिवाळीनंतर ते पुन्हा येणार आहेत. यावेळी शेजारच्या आजोबांना मी स्वतः जाऊन सांगून आलेय, आणि आमच्या इंटरनेटचा पासवर्डही त्यांच्याकडे ठेवलाय.

निघताना तुम्ही दिलेली आमसुलांची बरणी संपत आली. बरणी रिकामी परत करायची नसते, एवढं आईने शिकवलंय. पण पुण्याहून कोकणात भरून पाठवावं असं काय असतं, ते काही सुचत नाही. बाकरवडी म्हटलं तर तुमच्या दातांचं काय? तुम्हीच कळवा.

तुमची,
विहिरीपाशी उभी असलेली