अण्णा, तुमचा सिरीज लॅम्प अजून माझ्याकडेच आहे

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात माझं विद्युत पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आलं. आईने ते देवापुढे ठेवलं, शेजारीपाजारी पेढे वाटले. रात्री सगळे झोपल्यावर मी ती निळी प्लॅस्टिकची फाईल काढून बसलो. तुम्ही गडचांदूरच्या बाजारात पंचवीस रुपयांना घेऊन दिली होती तीच. अर्जासाठी लागलेला एकूण एक कागद तिच्यात होता. आयटीआयची गुणपत्रिका, अप्रेंटिसचं प्रमाणपत्र, सोळा वर्षांत नऊ ठेकेदारांकडून मागून घेतलेले अनुभवाचे दाखले. एकासाठीही मला कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

फोनवर हे सांगायला लागलो तर तुम्ही "बरं झालं लगा" म्हणून पावसापाण्याचं विचाराल, म्हणून लिहितोय. सूनबाई वाचून दाखवतील. आणि चारचौघांत लिहितोय, कारण आयटीआयमधून वीजतंत्री होऊन बाहेर पडलेली आमच्या भागातली पोरं मला विचारतात की हत्यारं कुठली घेऊ, शटडाऊनला (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या कामाला) जाऊ का, दुबईला जाऊ का. मी जे सांगतो ते सगळं तुमचं, साईटवर तुम्ही शिकवलेलं आहे. ते कुणाचं आहे, हेही त्यांना कळायला हवं.

डिसेंबर २००८. मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा माझ्या पिशवीत एक टेस्टर, एक पक्कड आणि आईने दिलेल्या दशम्या होत्या. वर्ध्याला उतरून पुढे चंद्रपूर, तिथून जीपने गडचांदूरचा सिमेंट कारखाना. ठेकेदाराच्या माणसाने मला तुमच्यापुढे उभं केलं आणि म्हणाला, हेल्पर आणलाय. तुम्ही माझा टेस्टर हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणालात, "ह्यो जिवंत हाय का सांगंल. मेलंय का, ते ह्याला इचारायचं न्हाई."

त्याचा अर्थ मला चौथ्या दिवशी कळला. किल्न, म्हणजे सिमेंटची भट्टी, बंद होती. आयडी फॅनची, म्हणजे भट्टीतली हवा ओढणाऱ्या मोठ्या पंख्याची, ६.६ केव्हीची (६,६०० व्होल्टची) मोटर बेअरिंगसाठी उतरवायची होती. ब्रेकर रॅक आऊट केलेला (बाहेर ओढून वीज तोडलेली), अर्थिंग स्विच टाकलेला, पॅनेलला कुलूप, लाल टॅग, परमिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) सगळ्यांच्या सह्या. मोठी टर्मिनल पेटी तुम्ही स्वतः उघडलीत. तिच्या बाजूला एक छोटी पेटी होती, तिची केबल सोडायचं काम माझ्याकडे. झाकण काढलं, स्क्रू ड्रायव्हर आत घालणार इतक्यात तुमचा हात माझ्या मनगटावर आला. "हात लावू नगंस."

तुम्ही खिशातून सिरीज लॅम्प काढलात. दोन होल्डर, दोन बल्ब, दोन लांब वायरी, टोकांना स्लीव्ह घातलेल्या सळया. आधी जवळच्या चालू पॉइंटवर लावून पेटतो का बघितलं. मग छोट्या पेटीतल्या दोन टर्मिनलवर टेकवला. दोन्ही बल्ब पेटले. २३० व्होल्ट दोघांत वाटले गेल्यामुळे उजेड मंद, पिवळट होता. तो पिवळा उजेड मला आजही डोळे मिटले की दिसतो.

तो हीटर होता. मोटर उभी असताना तिच्या वाइंडिंगवर दमट हवेचं पाणी साचू नये म्हणून आत बसवलेला. मोटर बंद झाली की तो चालू होतो, आणि त्याची वीज मोटरच्या ब्रेकरवरून नाही, दुसऱ्याच बोर्डावरून येते. म्हणजे सगळी कुलपं, सगळे टॅग, सगळ्या सह्या बरोबर होत्या आणि तरीही त्या पेटीत मरण होतं. तुम्ही रागावला नाहीत. हीटरला वीज देणारा फीडर शोधून बंद करून घेतलात, परमिटवर लिहून घेतलात, आणि पुन्हा तोच क्रम केलात. लॅम्प आधी चालू पॉइंटवर, मग पेटीत, मग परत चालू पॉइंटवर. शेवटचं कशाला, असं मी विचारलं. "मधल्या टायमाला बल्बच उडाला असंल तर?" एवढंच म्हणालात. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, अण्णा. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे.

त्या रात्री मेसमागच्या ओट्यावर तुम्ही मला बाकीचं समजावलंत. खिशातला निऑन टेस्टर आपल्या अंगातूनच प्रवाह घेतो. कोरड्या लाकडी शिडीवर, रबरी बुटात उभा असलास तर वीज असूनही तो पेटेल न पेटेल. डिजिटल मल्टीमीटर उलट बाजूला फसवतो. शेजारच्या केबलमुळे मेलेल्या वायरवरही तो शंभरेक व्होल्ट दाखवतो आणि माणूस तासभर नसलेला फॉल्ट शोधत बसतो. लॅम्प खोटं बोलत नाही. बल्ब दोन का, तर चुकून दोन फेजमध्ये लागला तर ४१५ व्होल्टला एक बल्ब फुटेल. आणि एचटीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या, बाजूला तो लॅम्प तुम्ही कधी नेला नाहीत. तिथे एचटी डिटेक्टर आणि अर्थिंग रॉड, दुसरं काही नाही. पोरांना मी हेही बजावून सांगतो की आता बऱ्याच मोठ्या कारखान्यांत सिरीज लॅम्प गेटवरच काढून घेतात, दोन टोकांचा प्रमाणित व्होल्टेज टेस्टर मागतात, आणि ते योग्यच आहे. हत्यार बदललं, क्रम तोच राहिला.

पिशवी तुम्ही माझ्याकडून एकदम भरून घेतली नाहीत. पहिल्या पगारात १००० व्होल्टचा शिक्का असलेले स्क्रू ड्रायव्हर आणि टपारियाची पक्कड. "नाशकात बनतीय, आपल्या मातीतली हाय," हे सांगताना तुम्हाला झालेला आनंद मला आठवतो. दुसऱ्या पगारात रिंग पाने आणि ॲलन कीचा संच. क्लॅम्प मीटर सहा महिन्यांनी, तोही सेकंडहँड नको म्हणून तुम्ही अडवलंत. क्रिम्पिंगचं, म्हणजे केबलच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवायचं, मोठं हत्यार घेऊ नको, ते ठेकेदाराने द्यायचं असतं, त्याचं ओझं तू का वाहतोस, असंही तुम्हीच सांगितलंत. साईटवर फिरणाऱ्या माणसाने पिशवी एका खांद्यावर राहील एवढीच ठेवावी, कारण दुसरा हात रेल्वेच्या दांडीला लागतो. मी पोरांना हे शब्दशः सांगतो.

पण हत्यार घेतलं म्हणून हात येत नाही. ३०० स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) ॲल्युमिनिअम केबलला लग मारायचा तुमच्याकडून शिकायला मला एक अख्खं शटडाऊन लागलं. केबल सोलताना स्ट्रँडवर ब्लेडचा ओरखडा नको. वायर ब्रशने घासायची, लगेच पेस्ट लावायची, कारण ॲल्युमिनिअमवर हवेने थर धरतो. तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) जायचं असेल तर दोन धातूंचा बायमेटल लग. दाबायची डाय (साचा) लगच्या मापाचीच, आणि दाबल्यावर हाताने ओढून बघायचं. बोल्ट टॉर्क पान्याने आवळून वर मार्करची रेघ. माझे पहिले चार लग तुम्ही कापून टाकलेत. पाचवा बघून काही बोलला नाहीत, पुढच्या पॅनेलकडे गेलात, तेव्हा मला कळलं की जमलं. आज कुठल्याही साईटवर तापलेले जोड दाखवणारा थर्मल कॅमेरा फिरवतात तेव्हा माझ्या जोडांवर लाल ठिपका दिसत नाही.

मेगरचंही, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचंही, तसंच. मोटर ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) असेल तर ड्राइव्हच्या टोकाची केबल आधी सोड, मग मेगर मार, हे तुम्ही मला इतक्या वेळा म्हणायला लावलंत की ते पाठ झालं. दोन वर्षांनी दुसऱ्या एका साईटवर माझ्या डोळ्यांसमोर एका चांगल्या शिकलेल्या माणसाने केबल न सोडता मेगर फिरवला आणि काही लाखांचा ड्राइव्ह गेला. मला तेव्हा तुमची आठवण आली आणि त्या माणसाची दयाही आली, कारण त्याला कुणी अण्णा भेटला नव्हता.

आता कागदांचं. याबद्दल मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे.

२०१० मध्ये गुजरातमधल्या त्या साईटवर ठेकेदार तीन महिन्यांचा पगार बुडवून निघून गेला. आम्ही अकरा जण. कुणी म्हणालं गावी जाऊ, कुणी म्हणालं त्याच्या घरी जाऊ. तुम्ही तुमची दोनशे पानी वही काढलीत. रोजची तारीख, कोण कामावर होतं, किती तास, ओटी किती, गेट पासचे नंबर, सगळं त्यात. मग तुम्ही आम्हाला कंपनीच्या टाइम ऑफिसात नेलंत आणि शांतपणे सांगितलंत की कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आहे, ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा असतो. तुम्ही सातवी शिकलेले. समोरचा अधिकारी वही चाळत राहिला. नऊ दिवस गेले, पण पैसे मिळाले, अकराही जणांना. त्या नऊ दिवसांत मेसचा खर्च तुम्ही तुमच्या खिशातून केलात, हे मला फार उशिरा दुसऱ्या कुणाकडून कळलं. तेव्हा बोलायचं राहिलं. आज बोलतो: अण्णा, त्या नऊ दिवसांच्या जेवणाबद्दल आभार.

पीएफचं तर तुम्ही आमच्या मानगुटीवर बसून करून घेतलंत. काम संपलं की फॉर्म भरून पीएफ काढायचा आणि घरी पंखा, टीव्ही घ्यायचा, अशी आमच्यातली रीत होती. तुम्ही म्हणायचात, "काढू नगंस, जोडून घे." पेन्शनचे पैसे दर वेळी काढून घेतले की मागची सेवा पुसली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पेन्शनला १० वर्षं सेवा लागते, आणि आपल्यासारख्या दर सहा महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या माणसाची ती कधी भरतच नाही. मी प्रत्येक पावती त्या निळ्या फाईलीत ठेवली. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे सगळ्या पीएफ खात्यांसाठी एकच नंबर, आला तेव्हा जुने सगळे नंबर एकत्र जोडून घ्यायला मला ती उपयोगी पडली. माझी १० वर्षं भरलीत. माझ्या बरोबरच्या कित्येकांनी माझ्यापेक्षा जास्त वर्षं काम केलंय आणि खात्यात दोन-तीन वर्षंच दिसतात. ते बघून जीव तुटतो.

२०१३ मध्ये सौदीतल्या जुबेलला जायचं ठरलं तेव्हा तुमच्या मनात मी जावं असं नव्हतं, तरी मदत तुम्हीच केलीत. एजंटचा नोंदणी क्रमांक विचार, नसेल देत तर उठून ये. करारावर पगार आणि कामाचं नाव वाचल्याशिवाय सही नको. आज कायद्याने एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तरी पोरं लाख-दीड लाख कर्ज काढून देतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितोय. मुंबईत ट्रेड टेस्टला स्टार-डेल्टा स्टार्टर जोडायला आणि फ्लेमप्रूफ पेटीला डबल कॉम्प्रेशन ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथे ती घट्ट धरणारा भाग) बसवायला दिला. ग्लँड बघून परीक्षक म्हणाला, कुठे शिकलास? मी गडचांदूर म्हणालो. फ्लेमप्रूफ पेटीचा एकही बोल्ट कमी ठेवायचा नाही, कारण आतला भडका बाहेरच्या वायूपर्यंत जाऊ न देणं हेच त्या पेटीचं काम, हे तुम्ही रिफायनरीच्या शटडाऊनला शिकवलं होतंत. चार वर्षं मी त्यावरच पोट भरलं, आणि बहिणीचं लग्न केलं.

परत आल्यावर टेस्टिंग-कमिशनिंगकडे, म्हणजे बसवलेली यंत्रणा तपासून चालू करून द्यायच्या कामाकडे, वळलो तेही तुमच्या एका वाक्यामुळे. "चाळिशीनंतर केबल वढायला खांदा न्हाई ऱ्हात, डोस्कं वापरायचं काम धर." मी रिले टेस्टिंग, म्हणजे बिघाड होताच ब्रेकर पाडणाऱ्या रिलेची तपासणी, शिकलो. धाकट्या भावाला आयटीआयनंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला घातलं, कारण तशी वाट असते हे त्याच्या शिक्षकांआधी तुम्ही मला सांगितलं होतं. तुम्हाला स्वतःला या वाटा कुणी दाखवल्या नाहीत. चाळीस वर्षं केबल ओढून तुमचा उजवा खांदा गेला, आणि तरी कुठली दारं उघडी आहेत ते बघून ठेवत होतात, आमच्यासाठी. हे मला आता स्वतःचं वय वाढल्यावर कळतंय.

२०२० मध्ये तुम्ही साईट सोडलीत तेव्हा लॉकडाऊन होता. निरोप नाही, नारळ नाही, काही नाही. आदल्या वर्षी वापरायला म्हणून घेतलेला तुमचा सिरीज लॅम्प माझ्या पिशवीतच राहिला. साईटवर आता तो चालत नाही, घरी असतो. बल्ब दोनदा बदललेत. वायर तुमचीच आहे, सळयांवरच्या काळ्या स्लीव्हही तुमच्याच.

दिवाळीच्या आठवड्यात सुट्टी मिळतेय. मिरजेला उतरलो की घरी जाण्याआधी गडहिंग्लजची एसटी पकडतो. प्रमाणपत्र आणतो, निळी फाईल आणतो, आणि लॅम्प तुमच्या हातात देतो. खांद्याच्या डॉक्टरांचे कागद काढून ठेवा. अपॉइंटमेंट मी घेतली आहे, आपण दोघं जाऊ.

तुमचा,
सांगलीकर