गोळी कठीण हवी, पण किती?

संपादक महोदय,

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफलच्या गोळ्या स्वतः ओतणाऱ्यांत ‘जितकी कठीण तितकी चांगली’ हा समज घट्ट बसला आहे. तो सोडावा. ब्रिनेल या कठीणपणाच्या मापनात शुद्ध शिसे 5च्या आसपास भरते, 20 भाग शिसे व 1 भाग कथील हे मिश्रण सुमारे 10, तर लायनोटाइप हा छपाईच्या खिळ्यांचा मिश्रधातू (84 टक्के शिसे, 12 अँटिमनी, 4 कथील) 22. काळ्या बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या रायफलीला शिसे-कथिलाचे 16:1 ते 20:1 मिश्रण पुरते. त्याहून मऊ घेतल्यास गोळीचे लांब नाक धक्क्याने दबते आणि नेम विखुरतो. उलट फार कठीण गोळी बुडाशी फुगून नळीच्या खाचा भरत नाही. वायू कडेने निसटतो, नळीत शिसे चिकटते. अर्थात गोळीचा व्यासच कमी असेल तर कोणताही मिश्रधातू तिला तारत नाही.

गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात त्या जुन्या शिशाच्या वजनांचे भंगार वापरताना त्यात मिसळलेल्या जस्तापासून सावध राहा. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, जस्त 419ला. भांडे 370च्या आत ठेवले की जस्ताचे तुकडे वर तरंगतात, ते काढून टाकावेत. ते विरघळले तर साचा नीट भरत नाही. ओला तुकडा मात्र भांड्यात कधीच नको, वाफेने धातू अंगावर उडतो.

– एक वाचक