यंदाच्या मिरच्या आणि बाबांचा बिनमिठाचा वाटा

पेडणे, गोवा
दि. २२ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आज रात्रीच्या बसने पुण्याला एक खोके पाठवत आहे. दादा ते स्वारगेटला उतरवून घेणार आहे. खोक्यात काय आहे आणि ते तसेच का केले आहे, हे फोनवर सांगताना निम्मे राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आई, तू बाटलीत राखून ठेवलेल्या हरमलच्या मिरचीच्या बियांची ६० रोपे मी नोव्हेंबरात विहिरीच्या खालच्या वाफ्यात लावली होती. पाणी एक दिवसाआड आणि तेही मुळाशीच द्यायचे, पानांवर ओतायचे नाही, ही तुझी ताकीद मी एकदाही मोडली नाही. यंदा पाने आकसवणारा चुरडा-मुरडा रोगही दोन-चार झाडांपलीकडे गेला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पहिली तोडणी केली आणि तेव्हापासून आजवर ३४ किलो पिकलेल्या लाल मिरच्या घरात आल्या आहेत. हिरव्या खुडून शेजारीपाजारी वाटल्या, त्या यात धरलेल्या नाहीत. इतके पीक आपल्या परसात मी कधी पाहिले नव्हते. संध्याकाळी उन्हे कलली की वाफ्यातले प्रत्येक झाड खालपासून वरपर्यंत तांबडे दिसे आणि तुम्ही दोघे हे पाहायला इथे नाही, याची रुखरुख लागे.

मिरच्या टिकवायच्या म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवले ते डॉक्टरांनी बाबांना सांगितलेले पथ्य. दिवसभरातले एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचे, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी. आपल्या घरात तर मिरची टिकवायची म्हणजे आगरवाड्याचे खडे मीठ पसाभर घ्यायचे, हाच शिरस्ता. दादाने सुचवले की नेहमीचे लोणचेच घाल, फक्त मीठ चौथा हिस्सा कर. त्याच्या मनातली काळजी मला कळते, पण ते मी केले नाही आणि का केले नाही, हे बाबांना पटावे अशी माझी इच्छा आहे. लोणच्यातले मीठ केवळ चवीचे नसते, ते राखणीला बसलेले असते. ते फोडींतले पाणी ओढून घेते आणि नासवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाही. राखणदार काढून घ्यायचा आणि बरणी तशीच फडताळात ठेवायची, हे चालणार नाही. ओल्या मिरच्या आणि लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणे तर त्याहून वाईट, कारण तेलाखाली हवा पोचत नाही आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू नेमके तिथेच वाढतात. त्यांच्या विषाला वास नसतो आणि चवही नसते. म्हणून मीठ कमी करण्यापेक्षा ज्या रीतींना मिठाची गरजच नाही, त्या रीती मी निवडल्या.

पहिली रीत वाळवण्याची. पिकलेल्या मिरच्या तोडल्यावर दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवाव्यात म्हणजे रंग सारखा चढतो, ही तुझी पद्धत मी पाळली. मात्र खळ्यावर न पसरता बांबूची डाळी दोन बाकांवर आडवी टाकून तिच्यावर पातळ फडके घातले आणि त्यावर मिरच्या वाळवल्या. त्यामुळे खालूनही वारा लागला आणि कोंबड्यांचा व मातीचा स्पर्श टळला. तरीही एक नुकसान माझ्या हातून झालेच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारीच आभाळ भरून आले, तेव्हा मी घाबरून ४ किलोंचा ढीग पडवीत ओढला आणि वर प्लास्टिक घातले. दोन रात्री तो तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी काढल्या तेव्हा मिरच्या बाहेरून चकचकीत लाल होत्या, पण एक मोडून पाहिली तर आतल्या बियांवर राखाडी बुरशीची मऊ लव होती आणि देठाशी कुबट वास येत होता. आणखी दहा-बारा मोडल्या, त्यांतल्या निम्म्या तशाच निघाल्या. शेजारच्या काकींनी धुऊन परत उन्हात घालायला सांगितले, पण अशा बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते आणि ते धुऊन, भाजून किंवा तळूनही जात नाही. मी अख्खा ढीग खड्ड्यात पुरला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, आई, कारण त्या तुझ्या बियांच्या मिरच्या होत्या. पण बाबांच्या ताटात संशयाची वस्तू जाऊ द्यायची नाही, हे मी मनाशी पक्के केले होते. ऊब आणि दमट हवा कोंडली गेली, हे त्याचे कारण. पुढे आभाळ आले की मिरच्या घरात आणून पंख्याखाली पातळ पसरून ठेवल्या.

उरलेल्या वाळवणातले १६ किलो वाळून साडेचार किलो भरले. मिरची हलवली की आत बिया खुळखुळायला हव्यात आणि वाकवली तर कट्‌ असा आवाज होऊन ती मोडायला हवी, तोवर मी एकही डब्यात भरली नाही. त्यांतली दीड किलो खोक्यात आहे. पोचल्यावर त्या काचेच्या बरणीत घाल आणि आठ दिवस रोज बरणी उजेडात धरून बघ. काचेला आतून घाम दिसला तर त्या पुन्हा दोन उन्हे खाऊ देत. बरणीत हिंगाचे दोन खडे ठेवले तर उत्तम. तिखट कुटून पाठवलेले नाही, कारण कुटलेल्याचा रंग आणि वास लवकर उतरतो. महिन्यापुरते तूच कुटत जा, आणि कुटल्यावर हात आधी खोबरेल तेलाने चोळून मग साबणाने धू. मिरचीचा जहालपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही. तुझी बोटे रात्रभर जळत असत ते मला आठवते आणि हा उपाय तेव्हा मला ठाऊक नव्हता याचे वाईट वाटते.

लहान बाटलीत व्हिनेगरमधल्या चकत्या आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाच्या सुरेचा घरगुती व्हिनेगर मिळतो आणि माशाच्या रेशाद मसाल्याला त्याच्यासारखा स्वाद दुसऱ्या कशाने येत नाही, पण त्याचा आंबटपणा दर बाटलीला बदलतो. टिकवण्यासाठी मला खात्री हवी होती, म्हणून ५ टक्के आम्लता छापलेली बाटली आणली, पाणी न मिसळता उकळली आणि चिरलेल्या मिरच्यांवर कढत ओतली. बाबा, तुम्हाला हे रसायनशास्त्र आवडेल: पीएच (आकडा जितका कमी तितके आंबट) ४.६ च्या खाली गेला की ते बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकत नाहीत, आणि इथे राखण मीठ करत नसून आंबटपणा करतो आहे. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि पेजेसोबत दोन-तीन चकत्या घ्या. मिठाची उणीव आंबट-तिखटाने बरीच भरून निघते. मी स्वतः आठवडाभर तशी पेज खाऊन पाहिली आहे.

सांडगी मिरचीचा मोह मात्र आवरला नाही. तुमच्या वाट्याच्या मिरच्या मी वेगळ्या केल्या: आंबट ताक, मेथी, जिरे, हिंग आणि मीठ नेहमीच्या निम्मे. त्या टिकतात ते पूर्ण कडक वाळल्यामुळे, म्हणून पावसाळ्याआधीच संपवा, आणि बाबांनी एका जेवणाला एकच घ्यावी.

५ किलो मिरच्या धुऊन, कोरड्या पुसून, देठासकट फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत. त्या बसने पाठवता येत नाहीत, म्हणून चवथीला तुम्ही याल तेव्हासाठी. बाबा, आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हंगेरीतल्या लाल मिरच्यांतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, ही गोष्ट तुम्ही नववीच्या वर्गाला सांगत असा. ते जीवनसत्त्व उन्हात पुष्कळसे जाते आणि गोठवलेल्या मिरचीत बरेच राहते, हेही या निवडीमागे होते.

परवा म्हापशाला पुरुमेंताच्या खरेदीची वर्दळ सुरू झालेली पाहिली. सुकी मासळी, सोलां म्हणजे आमसुले, कांद्यांच्या माळा, सगळे पावसाआधी भरून ठेवायचे. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला आणि मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली, हे माहीत असूनही मला दोन्ही आपल्याच घरातली वाटतात. बाजारात हरमलची म्हणून सांगत भलतीच मिरची विकली जाते, असे काकी म्हणतात. काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे हरमलच्या मिरचीलाही मिळाले. त्यामुळे नाव सांभाळले जाईल, पण वाण टिकते ते राखलेल्या बियांमुळे.

म्हणून शेवटची एक गोष्ट. खोक्याच्या तळाशी कागदाची पुडी आहे. वाफ्याच्या मधल्या, चुरडा-मुरडा न लागलेल्या सहा झाडांच्या मिरच्यांचे ते बियाणे आहे. कडेची झाडे मी वगळली, कारण शेजारच्या कुंपणापलीकडे ढोबळी मिरची लावली होती आणि परागीकरणात वाण मिसळते. निम्म्या बिया इथे तुझ्या जुन्या बाटलीत ठेवल्या आहेत, निम्म्या तुझ्याकडे असाव्यात. इथे पावसाळ्यात दमट हवेने काही बिघडले तरी वाण बुडायला नको. राख चाळून घालायची की तशीच, आणि किती, ते मला विसरायला झाले आहे. बाबांकडून दोन ओळी लिहवून पाठव, म्हणजे पावसाआधी बाटली बंद करता येईल.

तुमची,
बाय