उन्हाळ्याआधी वीजवापराबद्दल: कॉलनीतील सर्व सभासदांसाठी

सभासदहो, नमस्कार. परभणीचं ऊन मार्चपासूनच तापतं, म्हणून आत्ताच कळवतो.

कूलर लावताना समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. बंद खोलीत दमट हवा कोंडते, अंग चिकचिकतं आणि माणूस एसीकडे वळतो. कूलरला साधारण 200 वॅट लागतात, दीड टनाच्या एसीला 1500च्या आसपास. आमच्या कूलरच्या गवतावर क्षाराचा पांढरा थर चढला होता. नवं गवत भरलं आणि त्याच कूलरने खोली गार केली.

जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 ते 35. रोज 15 तास चालला तर महिन्याला सुमारे 18 युनिट वाचतात.

टाकी भरली की मोटर लगेच बंद करा. पहाटे रस्त्यावर पाण्याचा ओघळ दिसला की जीव तुटतो. कोळशावर वीज करायलाही पाणी लागतंच. 2015 मध्ये पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. इच्छुकांनी रविवारी सकाळी 10 वाजता वीजबिल घेऊन मारुती मंदिरासमोर यावं.

– सचिव