मॅचिंग सेंटर

मिलवॉकी, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "एवढं काय त्या जमिनीचं घेऊन बसलीयस? पुसता आली म्हणजे झालं." मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, तिकडे तुझं दूध उतू जात होतं. म्हणून आता लिहून कळवते. बाबा, तुम्हाला मोजमापं लागतात, तीही देते.

घर १९२६ सालचं. त्या काळी इथल्या बऱ्याच घरांत रीतच होती: पाहुण्यांना दिसतील त्या खोल्यांत ओक, स्वयंपाकघरात मेपल आणि वर झोपायच्या खोल्यांत स्वस्तातलं पाइन. आमच्याही घरात तसंच आहे. म्हणजे ज्यांनी बांधलं त्यांनीच सगळं एकसारखं केलं नव्हतं. आपल्याकडे सोप्याला घडीव दगड आणि मागे शेणानं सारवलेली जमीन असायची, त्यातलाच प्रकार. मागची खोली मात्र नंतर कुणीतरी वाढवलेली. तिथे गडद चॉकलेटी लॅमिनेट होतं, म्हणजे लाकडाचा फोटो चिकटवलेला दाबीव पुठ्ठाच म्हणा. तीच खोली तुमच्यासाठी ठेवलीय. जिना चढायला नको, आणि बाथरूम लागूनच आहे.

तुमच्या जावयांचं म्हणणं, एकदा हात घातलाच आहे तर सगळं उखडू आणि पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकच लाकूड टाकू. घर मोठं दिसतं, विकताना भाव येतो, वगैरे. मराठी मंडळातल्या दोघातिघांनी तसंच केलंय, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला जरा जोर होता. मला मात्र शंभर वर्षांचा ओक उखडून कचऱ्याच्या गाडीत टाकवेना. पाऊण इंच जाडीच्या, सव्वादोन इंच रुंदीच्या भरीव पट्ट्या आहेत. घासून पॉलिश केल्या की आणखी कितीतरी वर्षं जातील. मग मिस्त्रीनं मधला मार्ग काढला: लाकडं वेगळी राहू देत, सगळ्यांना एकच गडद रंग देऊ, म्हणजे जुळल्यासारखं दिसेल.

त्यानं नमुन्याचे पट्टे मारून दाखवले. ओकवर रंग झकास बसला, कारण त्याची छिद्रं उघडी असतात, रंग आत शिरतो. बाबा, लाल ओकचा एक तुकडा पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकानं फुंकलं तर बुडबुडे येतात! चिमीनं दिवसभर तोच खेळ केला. पांढऱ्या ओकची छिद्रं आतून बुजलेली असतात, म्हणून दारूची पिंपं त्याची करतात, लाल ओकची गळतील. मेपल मात्र घट्ट विणीचं, गुळगुळीत लाकूड. बास्केटबॉलची मैदानं करतात ते हेच. त्यानं रंग कुठे प्यायला, कुठे नाही. करपलेल्या धिरड्यासारखे चट्टे उठले. मिस्त्री म्हणाला, दुसरा हात देतो. मी म्हटलं, राहू दे.

आणि मला आपलं मॅचिंग सेंटर आठवलं. माझ्या साखरपुड्याच्या त्या मोरपंखी साडीसाठी तू मला कराडच्या उन्हात दोन तास फिरवलं होतंस. दुकानदार एकेक तागा साडीवर ठेवून "ताई, अगदी सेम" म्हणायचा, आणि तू तो तागा उचलून दुकानाच्या पायरीवर, उन्हात न्यायचीस. शेवटी म्हणालीस, "एक शेड इकडेतिकडे असेल तर घेऊच नये. चुकलेलं दिसतं. त्यापेक्षा सरळ राणी कलर घे, मुद्दाम घेतल्यासारखा दिसेल." आणि राणी कलरच घेतला.

मेपलचं तेच आहे गं. ओकच्या रंगाला ओढूनताणून नेलं तर एक शेड इकडेतिकडे होणार आणि जन्मभर डोळ्यांत खुपणार. फिकं मेपल फिकंच ठेवलं तर ते स्वयंपाकघर आहे एवढंच कळतं. मध्ये दार आहेच. रंग बदलायला दारासारखी जागा नाही. खोलीच्या मधोमध बदलला असता तर मीही कुरकुरले असते.

मागच्या खोलीचं कोडं वेगळं. तिथे नवीनच टाकायचं, तर काय? जावयांना अक्रोड आवडला होता. पण दोन लाकडं असली की ठरवून केलंय असं वाटतं, तिसरं आलं की उरलंसुरलं वापरल्यासारखं दिसतं. (हे माझं मत. ते अजून अक्रोडाचे फोटो बघतात.) म्हणून तिथे पुन्हा लाल ओकच घेतला, जुन्याच मापाचा, सव्वादोन इंची. आधी वाटलं होतं नवा ओक जुन्यापुढे गोरापान दिसेल. पण हॉल घासल्यावर कळलं की जुना पिवळेपणा बराचसा पॉलिशचा होता. तेलातलं पॉलिश वर्षांगणिक पिवळं पडत जातं, पाण्यातलं पडत नाही. आम्ही सगळीकडे पाण्यातलंच दिलं, रंग कुठेच नाही. आता जुना ओक थोडा तांबूस, नवा थोडा फिकट, आणि मध्ये स्वयंपाकघर असल्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. मागच्या खोलीतल्या पट्ट्या हॉलच्या आडव्या जातात. खालचे वासे तिथे दुसऱ्या दिशेनं आहेत, आणि पट्ट्या वाशांना काटकोनात लागतात. हे तुम्हाला सांगायला नको, बाबा.

आता खरं कारण सांगते. स्वयंपाकघरात मेपलवर प्लायवूड, त्यावर व्हायनल, असे थर चढलेले होते. हॉलमधून आत जाताना पाऊण इंच चढ, आणि तिथून तुमच्या खोलीत उतरताना इंचाहून जास्त उतार. चिमी रोज ठेचकाळायची. आई, तू मागच्या श्रावणात उंबऱ्याला अडखळलीस ते तू मला सांगितलं नाहीस, काकूनं सांगितलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय पुरता उचलला जात नाही हे कबूल करायला तू तयार नाहीस, ठीक आहे, मी जमिनीलाच सांगितलं. थर उखडले (जुन्या व्हायनलमध्ये नि त्याच्या डिंकात अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून आधी तुकडा तपासून घेतला, नव्हता). मेपल हॉलच्या ओकच्या बरोबरीत आलं. तुमच्या खोलीत पाऊण इंची भरीव ओक घेतला तोही त्याचसाठी, म्हणजे तीही जमीन त्याच पातळीत येते. दारांत वर आलेली पट्टी नाही. एक आडवी फळी आहे, दोन्ही बाजूंच्या बरोबरीत बसवलेली. आणि गडद नको म्हटलं ते बाबांसाठी. मोतीबिंदू अजून काढलेला नाही, फिकट जमिनीत एकदम काळा पट्टा आला की पायरी वाटते.

मिस्त्री म्हणाला, एवढं लेव्हलचं कशाला, पट्टी मारली की दिसत नाही. मी त्याला सांगितलं, माझे वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते, ते येऊन तपासतील. आपल्या घराच्या वेळी तुम्ही ती पारदर्शक नळी पाण्यानं भरून, एक टोक मला धरायला देऊन, भिंतीभिंतीवर खुणा केल्या होत्या. हात हलला की ओरडायचात. फरशा मात्र आपल्या तीन तऱ्हेच्या: पुढे शहाबादी, माजघरात चिप्सची, हॉलला नंतरची चकचकीत टाइल. ज्या वर्षी जेवढे पैसे तेवढी फरशी. जुळत नाहीत हे मला इथे येईपर्यंत दिसलंही नव्हतं. पण त्या घरात चेंडू ठेवला तर तो जागचा हलत नाही.

एक आधीच सांगून ठेवते. जानेवारीत आलात तर पट्ट्यांमध्ये फटी दिसतील. हीटरनं हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, उन्हाळ्यात परत मिटतं. बाबा, त्यांत पुट्टी भरायला बसू नका. पावसाळ्यात फुगलेलं मागचं दार तुम्ही रंध्यानं तासलंत आणि मे महिन्यात त्यातून मांजर आत यायला लागलं, ते विसरले नाही मी.

व्हिसाचे कागद चिमणकाकांकडे दिले का ते कळवा. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम घ्या, चिठ्ठीसकट.

तुमची,
बेबी

ता. क. आई, तुमच्या खोलीला पडदे अजून घेतले नाहीत. इथले रंग मला पटत नाहीत आणि फोटोत लाकडाचा रंग खरा येत नाही. इथली एक मैत्रीण पुढच्या आठवड्यात साताऱ्याला येतेय, तिच्याबरोबर पॉलिश केलेला ओकचा वीतभर तुकडा पाठवते. तो पर्समध्ये घालून मॅचिंग सेंटरमध्ये जा. पायरीवर, उन्हात धरून बघ.