बाबा, कोचना भेटायला जाऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी विषय बदलला, कारण मागे कुकरच्या शिट्ट्या आणि मधेमधे दादाचं बोलणं चालू असताना हे सांगता आलं नसतं. आई, तूच वाचून दाखव. बाबांचा चष्मा सापडेपर्यंत थांबू नकोस.

छोटीला हॉकीच्या कोचनी फॉरवर्डमधून काढून डिफेन्समध्ये टाकलं, ही बाबांना शिक्षा वाटते. ‘गोल नाही तर पेपरात नाव कुठून येणार?’ म्हणून आता तुम्ही कम्पूला मैदानावर जाऊन कोचशी बोलणार. बाबा, कृपा करून जाऊ नका.

ग्वाल्हेरच्या रूपसिंग स्टेडियमवरून जाताना तुम्ही आम्हाला दर वेळी ऐकवलंत: 1932, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, अमेरिकेवर 24-1, त्यात 10 गोल एकट्या रूपसिंगांचे. (आता तिथे लोकांना 2010 मधलं सचिनचं द्विशतकच आठवतं, ती हळहळ वेगळी.) पण त्या संघात मागे कोण उभं होतं, हे कधी सांगितलंत? फुल बॅक होता कार्लाइल टॅपसेल. त्याच्याकडे 1932चं सुवर्ण आहे आणि 1936चं बर्लिनचंही. ओडिशाच्या सौनामारा गावचा दिलीप तिर्की तीन ऑलिंपिक खेळला, 400हून जास्त आंतरराष्ट्रीय सामने, तेही डिफेन्समधून. आणि लांब कशाला, आपल्याच ग्वाल्हेरची इशिका चौधरी भारताकडून खेळली ती डिफेन्डर म्हणूनच.

तुम्ही टीव्हीवर पेनल्टी कॉर्नर बघता तेव्हा नजर असते फ्लिक मारणारीवर. पुढच्या वेळी गोलरेषेमागे उभ्या असलेल्या पाच जणींकडे बघा, त्यातली एक गोलकीपर. चेंडू आत ढकलला गेला की एकीनं थेट फ्लिकच्या तोंडावर धावत सुटायचं. ती रशर. डीची, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाची, कड गोलपासून 14.63 मीटरवर. साध्या हिटचा पहिला फटका गोलच्या फळीपेक्षा उंच, म्हणजे 460 मिलिमीटरच्या वर, जाऊन चालत नाही. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे काठीनं ओढत आणून उचललेल्या चेंडूला, ते बंधन नाही, आणि तो ताशी 100 किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणून तोंडाला मास्क आणि गुडघ्यांना पॅड. लोकांना यात नुसतं धाडस दिसतं. मला विचाराल तर खरी अक्कल धावण्याच्या रेषेत आहे. कुठली बाजू रशर बंद करणार आणि कुठली गोलकीपर सांभाळणार, हे आधीच ठरलेलं असतं. रेषा हातभर चुकली की दोघींच्या मधून चेंडू आत.

चालू खेळातही तेच. मी विद्यापीठाकडून खेळायचे तेव्हा तुम्ही कठड्यावरून ओरडायचात, ‘अगं, घे ना चेंडू!’ घाईनं काठी टाकली की फॉरवर्ड बाजूनं निघून जाते, बाबा. मागे मागे सरकत तिला साइडलाइनकडे, आपल्या फोरहँडच्या बाजूला नेत राहायचं. तिनं चेंडू अंगापासून जरा लांब सोडला की मग काठी. बघणाऱ्याला वाटतं, ही काहीच करत नाहीये.

आई, टोकियो ऑलिंपिकची ती सकाळ आठव. 2 ऑगस्ट 2021, ऑस्ट्रेलियावर 1-0, आणि तू टीव्हीकडे पाठ करून देवासमोर बसलेलीस. तो गोल गुरजीत कौरचा, 22व्या मिनिटाला, पेनल्टी कॉर्नरवर. गुरजीतही डिफेन्डरच. पण त्यानंतर अर्ध्याहून जास्त सामना आपण तो एक गोल राखला, आणि मला तोच भाग पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. पॅरिसला 2024 मध्ये ब्रिटनविरुद्ध आपला डिफेन्डर अमित रोहिदासला 17व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. पुढचा सगळा सामना आपले दहा जण खेळले, 1-1 राखून शूटआउटमध्ये जिंकले. बंदीमुळे तो सेमीफायनलला नव्हता आणि जर्मनीनं आपल्याला 3-2 हरवलं. फक्त त्याच्यामुळे हरलो असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी पहिला रशर म्हणून तो नाही, हे तुमच्यासकट सगळ्यांना जाणवलं होतं ना?

आईची काळजी वेगळी आहे आणि ती खोटी नाही. बोटं दुखावतात, गुडघे बोलायला लागतात, माझी करंगळी अजून सरळ होत नाही. म्हणून माउथगार्ड दुकानातलं तयार नको, दातांच्या डॉक्टरकडून मापानं करून घ्या, आणि शिन गार्डशिवाय तिला टर्फवर सोडू नका. मास्क मी भोपाळहून पाठवते.

बाबा, बोलायचंच असेल तर शनिवारी मला फोन करा. आणि मॅचला जाल तेव्हा सेंटर लाइनजवळ नका बसू, तिच्या बाजूच्या गोलमागे बसा. घरात जिचा आवाज निघत नाही ती तिथे मोठमोठ्या मुलींना ‘लेफ्ट, लेफ्ट, माणूस धर!’ म्हणून दटावते, असं दादा सांगत होता.

तुमची,
मोठी